पेंढा, बोरिंग आणि मातीचा पत्ता

भोसरीला बाबांची शेड होती. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांना कास्ट आयर्नचे लहान पार्ट फिनिश करून द्यायचे, एवढंच काम. शेडच्या मागच्या भिंतीला लागून दोन गोष्टी असायच्या. एका कोपऱ्यात बोरिंगचा ढीग, म्हणजे कास्ट आयर्न कापताना पडणारा काळपट चुरा. तो साठला की भंगारवाला वजनावर घेऊन जाई. दुसऱ्या कोपऱ्यात, दहा पावलांवर, पार्टवरचं ग्रीस धुवायची बादली. तिच्यात ट्रायक्लोरोएथिलीन. दोन-तीन दिवसांनी ते गढूळ झालं की कुणीतरी भिंतीपलीकडच्या मातीवर ओतून द्यायचं. कधी बाबा स्वतः. गोडसर वास यायचा आणि माती ते लगेच पिऊन टाकायची. ‘उडून जातं ते,’ असं सगळे म्हणत. काही उडून जातही असणार. उरलेलं खाली जातं, कारण हे द्रव पाण्याहून जड असतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा त्याच आवारातल्या बोअरच्या पाण्याचा चहा आम्ही सगळे पीत होतो.

मी तांत्रिक मजकुराची भाषांतरं करते. त्या निमित्तानं पेटंटं वाचायची सवय लागली आणि मग ती मी कामाशिवायही वाचू लागले, जशी काही माणसं जुनी पंचांगं वाचतात. अशीच एकदा कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या रॉबर्ट गिलहॅम यांच्या नावाचं १९९३ सालचं अमेरिकी पेटंट वाचत होते. भूजलात उतरलेली क्लोरिनयुक्त द्रावकं काढायची पद्धत. जमिनीत चर खणायचा, त्यात लोखंडाचा चुरा भरायचा आणि भूजल त्यातून आपल्या गतीनं वाहू द्यायचं. हवेतला ऑक्सिजन लागू द्यायचा नाही. लोखंड गंजत जातं आणि गंजता गंजता ट्रायक्लोरोएथिलीनमधला क्लोरिन काढून घेतं. मी पान खाली ठेवलं. रोग आणि औषध बाबांच्या शेडमागे दहा पावलांच्या अंतरावर पडलेलं होतं आणि औषध आम्ही भंगारात विकत होतो.

हा लेख त्या हळहळीबद्दल नाही. तो पेटंट नावाच्या लेखनप्रकाराबद्दल आहे. विशेषतः माती साफ करण्याच्या पद्धतींवर जे वाद झाले, त्यांतल्या मजकुरात माती कुठे असते याबद्दल. माझं म्हणणं असं की, ती बहुतेक वेळा नसतेच.

पेटंटाचे ढोबळमानानं दोन भाग असतात. आधी वर्णन, मग दावे. वर्णनाला गद्याची मोकळीक असते. त्यात पूर्वीचे लोक कुठे चुकले, आम्हाला काय सुचलं, कोणत्या बाटलीत काय ओतलं, हे सगळं येतं. दाव्यांना मात्र एक कडक छंद आहे. प्रत्येक दावा एकाच वाक्यात मांडावा लागतो, मग ते वाक्य पानभर का लांबेना. मराठीत अशा वाक्याचं भाषांतर करताना जीव जातो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सतरा अटी हातात धरून वाचकाला पानाच्या तळापर्यंत चालावं लागतं. हा त्रासही तसा हौसेचाच, कारण भारतात पेटंटाचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करता येतो, मराठीत नाही. मराठी दाव्याला कायद्यात अस्तित्व नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शेडमध्ये कुणाला काही सुचलं, तर ते सुचतं मराठीत, नाहीतर भोजपुरी किंवा मारवाडीत. वादाला उभं राहायचं तर आधी त्याला भाषा बदलावी लागते.

वर्णन कुठल्यातरी जागी घडतं. दावा कुठेच घडत नाही, किंवा सगळीकडे घडतो. त्याला तसंच असावं लागतं. ‘ही पद्धत अमुक गावच्या अमुक वाळूत चालली’ असं लिहिलं तर शेजारच्या गावात कुणीही ती उचलेल. म्हणून चांगला दावा जागेचे ठसे पुसत जातो. माती साफ करण्याचं काम मात्र जागेशी बांधलेलं असतं. या दोघांचं भांडण मला या सगळ्या कोर्टकचेऱ्यांपेक्षा मोठं वाटतं.

या लेखनप्रकारातला सर्वांत गाजलेला मजकूर एका बंगाली माणसाचा आहे. आनंद चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत होते. मातीत सर्वत्र आढळणाऱ्या स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंमध्ये प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळं असतात आणि त्यांतली काही तेलातले वेगवेगळे घटक पचवायला मदत करतात, हे तेव्हा कळू लागलं होतं. कापूर पचवणारं एक, ऑक्टेन पचवणारं दुसरं, नॅफ्थलिन पचवणारं आणखी एक. चक्रवर्तींनी अशी अनेक प्लास्मिडं एकाच जिवाणूत नांदतील असं केलं. १९७२ साली अर्ज केला. एकूण ३६ दावे होते. काही दावे जिवाणू तयार करण्याच्या पद्धतीवर. काही अशा मिश्रणावर, ज्यात पेंढ्यासारख्या पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर हे जिवाणू बसवलेले आहेत. आणि काही थेट जिवाणूवर.

तो पेंढा मला फार आवडतो. अख्ख्या कागदपत्रात शेतातून आलेली तेवढी एकच गोष्ट आहे. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकानं पद्धत मान्य केली, पेंढाही मान्य केला आणि जिवाणू नाकारला. सजीवाचं पेटंट मिळत नाही, तो निसर्गाचा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे साफसफाईच्या दृष्टीनं कामाचं जे होतं, त्यावर वाद नव्हताच. आठ वर्षं जो वाद चालला तो त्या जीवाला ‘वस्तू’ म्हणायचं का, या शब्दावर.

१६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूनं निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांचा तो निकाल मी पुष्कळदा वाचला आहे आणि गद्य म्हणून तो उत्तम आहे: आखूड, आत्मविश्वासाचा, घाबरवणाऱ्यांना दूर सारणारा. त्याचा कणा एका जोडीवर उभा आहे, निसर्गाची करणी आणि माणसाची करणी. जमिनीत सापडलेलं नवं खनिज निसर्गाचं, रानात सापडलेली वनस्पती निसर्गाची, हा जिवाणू मात्र माणसाचा. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं विरोधी मत रुक्ष आहे. संसदेनं १९३० आणि १९७० साली वनस्पतींसाठी वेगळे कायदे केले, याचा अर्थ आधीच्या कायद्यात सजीव नव्हते, एवढाच त्याचा मुद्दा. पण दोन्ही बाजूंच्या मजकुरात तेल सांडलेली एकही जागा नाही. उपयोग आहे, ठिकाण नाही.

बर्गर यांना ती जोडी मांडताना एक जुना निकाल वळसा घालून पुढे जावं लागलं. १९४८ सालचा. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वेगवेगळ्या पिकांसाठी वेगवेगळे लागतात आणि एकत्र ठेवले की एकमेकांना मारक ठरतात. एका संशोधकानं एकमेकांना त्रास न देणारे वाण शोधून त्यांचं एकच मिश्रण केलं. शेतकऱ्याच्या आणि दुकानदाराच्या दृष्टीनं केवढी सोय! न्यायालयानं ते पेटंट रद्द केलं. जिवाणू होते तसेच राहिले, प्रत्येक आपापलं जुनंच काम करतो, तुम्ही फक्त त्यांना एकत्र बसवलंत, असं न्यायमूर्ती डग्लस यांनी म्हटलं.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पुढे काय झालं ते पाहावं. चक्रवर्तींचा जिवाणू जिंकला, १९८१ साली पेटंट मिळालं, आणि तो कुठल्याही तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. बनवलेला जीव उघड्यावर सोडायची परवानगी मिळणं अवघड आणि प्रयोगशाळेतला लाडका बाहेरच्या थंडीवाऱ्यात, स्थानिकांच्या गर्दीत किती टिकेल याची खात्री नाही. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजाचं तेल किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा तिथल्या दगडगोट्यांवर जे फवारलं गेलं ते खत होतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस. तिथलेच स्थानिक जिवाणू ते खाऊन वाढले आणि त्यांनी तेल पचवलं. त्यातलं एक खत एका फ्रेंच तेलकंपनीचं, म्हणजे मालकी तिथेही होतीच, पण खतावर. प्रदूषण साफ करण्याच्या कामासाठी बदललेला जिवाणू अमेरिकेत पहिल्यांदा अधिकृतपणे जमिनीत गेला तो १९९६ साली, ओक रिज इथे, आणि तोही मातीनं भरलेल्या बंदिस्त टाक्यांमध्ये.

ज्यावर मालकी सांगता आली ते मातीत उतरलं नाही आणि मातीत जे चाललं, ती तिथल्याच जिवांची गर्दी, त्यावर मालकी सांगता येत नव्हती. निकालाच्या गद्यात ही विसंगती दिसत नाही, कारण निकाल जिवाणू जन्मला तिथेच थांबतो.

चक्रवर्तींवर अन्याय नको म्हणून सांगते, पुढे ते तेलावरून खरोखर मातीकडे वळले. ‘एजंट ऑरेंज’मधलं एक तणनाशक, २,४,५-टी, पचवणारा जिवाणू त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाढवला आणि दूषित मातीच्या नमुन्यांवर तो काम करतो हे दाखवलं. या संशोधनाची पद्धतही वेगळी होती. विषारी जागांवरचे जिवाणू आणि प्लास्मिडं एका भांड्यात महिनोन्‌महिने एकत्र ठेवायची, हळूहळू विष वाढवत न्यायचं आणि जगेल तो पाहायचा. कुणी घडवला म्हणायचा हा जीव? माणसानं, की भांड्यातल्या उपासमारीनं? या कामाला वाचक कमी मिळाले. निकालाला मिळाले.

आता पुन्हा लोखंडाकडे. वॉटर्लूच्या मंडळींना हा शोध आडवाटेनं लागला. भूजलाचे नमुने घ्यायला कुठल्या साहित्याच्या नळ्या चांगल्या, याची १९८०च्या दशकात तपासणी चालू होती आणि धातूच्या संपर्कात काही प्रदूषकं नाहीशी होताना दिसली. नमुना बिघडतो म्हणून जी तक्रार होती, तीच पुढे पद्धत झाली. १९९१ साली ओंटारिओत बोर्डन इथल्या लष्करी तळावरच्या वाळूत पहिली भिंत घातली गेली, २२ टक्के लोखंडाचा चुरा आणि ७८ टक्के वाळू. १९९०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सनीव्हेलला पहिली व्यापारी भिंत आली. हा चुरा वाहनउद्योगाच्या कास्ट आयर्नच्या कापकामातूनच येतो, तेल जाळून टाकून, दळून, चाळून. म्हणजे बाबांचं बोरिंगच, आंघोळ घातलेलं.

पण मग यात ‘नवं’ काय? हा प्रश्न पेटंटाच्या प्रत्येक वादाचा गाभा असतो आणि इथे तो चांगलाच टोचतो. स्वीनी नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९७२ पासूनच धातूंनी क्लोरिनयुक्त कीटकनाशकं मोडायची पेटंटं घेतली होती. जपानमध्ये सेन्झाकी आणि कुमागाई यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोखंडाच्या भुकटीनं सांडपाण्यातलं ट्रायक्लोरोएथिलीन काढून दाखवलं होतं. लोखंड क्लोरिन काढतं हे कुणालातरी आधीच माहीत होतं. गिलहॅम यांच्या दाव्यात नवं आहे ते लोखंड नव्हे, ते लोखंडाचं बसणं. जमिनीच्या आत, हवा न लागू देता, पाण्याच्या वाटेत. टाकीतली गोष्ट त्यांनी जागेत नेली.

म्हणून हे पेटंट मला चक्रवर्तींच्या पेटंटापेक्षा सरस मजकूर वाटतं. त्यातलं पाणी वाहतं, त्यात चर खणावा लागतो. आणि तरीही त्याच्या दाव्यांतून बोर्डनची वाळू पुसलेली आहेच. त्या वाळूत पाणी सावकाश आणि सरळ जातं, चर सहज खणता येतो. भोसरीत, चाकणमध्ये थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि पाणी त्याच्या भेगांतून जातं. कुठल्या भेगेतून, ते बोअर घेणाऱ्यालाही नारळ फोडूनच कळतं. या दगडात भिंत कुठे घालायची? दाव्याच्या वाक्यात याचं उत्तर नाही, आणि उत्तर द्यायची त्याच्यावर सक्तीही नाही. त्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली. आज कुणाचीही परवानगी न घेता, कुणालाही पैसे न देता ही पद्धत वापरता येते. ज्यांना वाटतं की पेटंटामुळे गरीब देशांची माती साफ व्हायची राहिली, त्यांनी या मोकळ्या झालेल्या दाराकडेही पाहावं.

हे लिहिताना मला आपल्याकडची पेटंटाची आवडती गोष्ट आठवते. हळदीची. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं दिलेलं आव्हान, १९९७ साली मिळालेला विजय. माझ्या पिढीतल्या मराठी घरांत ही गोष्ट पानिपताच्या बरोबर उलटी म्हणून सांगितली गेली. ती खरी आहे आणि गरजेची होती. पण तिनं आपल्याला एकच कथानक शिकवलं. आजीच्या डब्यात काहीतरी असतं, परका ते चोरतो, आपण पुराव्याची पोथी काढून परत मिळवतो. शेडमागच्या मातीला हे कथानक लागू पडत नाही. ट्रायक्लोरोएथिलीनवर कुठल्याही आजीकडे उतारा नव्हता. विष आपणच ओतलेलं आहे. चोर शोधायला निघालं तर आरशापाशी येऊन थांबावं लागतं, आणि मराठीत पेटंटाविषयी जे लिहिलं जातं ते आरशाकडे फारसं वळत नाही.

पिंपरीकडे तशी आणखी एक गोष्ट आहे, चोरीची नसलेली, म्हणून कदाचित कमी सांगितली गेलेली. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. अँटिबायोटिकं शोधायची म्हणजे तेव्हा माती तपासायची. १९५५ साली तिथले शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांनी एका नव्या मृद्‌जिवाणूला नाव दिलं, ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पुढे त्यातून हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध निघालं, त्याच्या नावात कंपनीची आद्याक्षरं आहेत. लॅटिनच्या वेशात का होईना, गावाचं नाव जिवाणूच्या अंगावर राहिलं. मला वाटतं, दावा नेमकं हेच करत नाही.

करत नाही म्हटलं, पण भारतीय कायद्यात एक खिडकी आहे, आणि तिच्याकडे साहित्याच्या माणसांनीही पाहायला हवं. २००२च्या दुरुस्तीनं सूक्ष्मजीवांना पेटंटाचं दार उघडलं. वनस्पती आणि प्राणी वगळताना सूक्ष्मजीव तेवढे वगळणुकीतून वगळले, अशी ती दुहेरी नकाराची, सरकारी थाटाची वाक्यरचना आहे. निसर्गात सापडलेला जीव मात्र नुसता सापडला म्हणून मिळत नाही. त्याच दुरुस्तीनं कलम १० मध्ये आणखी एक अट आली. जैविक सामग्री वापरली असेल तर तिचा स्रोत आणि भौगोलिक उगम वर्णनात लिहायचा. तो लिहिला नाही किंवा खोटा लिहिला, तर तेवढ्या कारणावरून पेटंटाला विरोध करता येतो, दिलेलं पेटंट रद्दही होऊ शकतं. शिवाय जैवविविधता कायद्याप्रमाणे राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते.

म्हणजे विष खाऊन जगायला शिकलेला एखादा जिवाणू उद्या कुणी चाकणच्या कारखान्यामागच्या नाल्यातून उचलला, त्यात फेरफार केला आणि अर्ज केला, तर त्याला चाकण हे नाव लिहावं लागेल. आणि शब्दांत जिवाणूचं पुरेसं वर्णन होत नाही, म्हणून त्याचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवावा लागेल. तसं एक संग्रहालय पुण्यातच आहे. तिथे तो किमान तीस वर्षं राहील, पेटंटाच्या वीस वर्षांहून दहा जास्त. जिवाणू पुण्यात गोठलेला, दावा मुंबईच्या पेटंट कार्यालयात इंग्रजीत, आणि नाला चाकणला. नाल्याला काय मिळेल, या प्रश्नासाठी लाभवाटपाची तरतूद आहे. पण तो लाभ जैवसंपदा दिल्याबद्दलचा. त्या जिवाणूला तिथे तसं वाढायला भाग पाडणाऱ्या विषाचा हिशेब त्या रकान्यात बसत नाही. खजिना म्हणून मोजली गेलेली माती आणि जखम म्हणून मोजायची माती, या दोन वेगळ्या फायली आहेत.

दुसरी फाइल अलीकडेच उघडली. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारनं २०२५ साली आणले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी करायची, राज्याच्या प्रदूषण मंडळानं तपासायचं, जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. मी ते नियम सवयीनं मजकूर म्हणूनच वाचले. कोरडे, विनारूपक, आणि मला ते वाचवत नव्हते, कारण पेटंटात ज्याची मी इतकी पानं वाट पाहिली तो पत्ता इथे पहिल्याच टप्प्यावर मागितला होता. जागा कोणती, वापर कुणी केला, कधी.

बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. शेड त्याआधीच विकली होती. नव्या मालकानं मागची मोकळी जागा काँक्रीट करून घेतली. मागच्या दिवाळीत मी तिथे गेले होते. सीएनसी मशीन आहेत आता, बोरिंग अजूनही निघतं, निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भरून ठेवलेलं. धुण्यासाठी काय वापरता, असं मी विचारलं. मालक तरुण आहे, सभ्य आहे. ‘ताई, ते बाहेरून करून घेतो आम्ही,’ म्हणाला. बाहेरून म्हणजे कुठून, ते मी विचारलं नाही. बोअर बंद केलाय का, एवढं विचारलं. नाही, म्हणाला, झाडांना लागतं.